चांदी वर आली, माणसे तळाशीच राहिली

८ मे २०२४ रोजी लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका विलक्षण खटल्याचा निकाल दिला. वाद होता चांदीच्या २,३६४ विटांचा. हिंदी महासागराच्या तळाशी, सुमारे अडीच किलोमीटर खोल पाण्यात पंचाहत्तर वर्षे पडून राहिलेल्या या विटा २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने यंत्रांच्या साहाय्याने वर काढल्या आणि साउदॅम्प्टन बंदरात नेल्या. त्यांची किंमत चार कोटी डॉलरच्या घरात होती. चांदी मूळची दक्षिण आफ्रिकेची, तेथील टांकसाळीत नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेली. तेव्हा ती वर काढल्याबद्दल त्या सरकारकडून मोबदला मागण्याचा अधिकार कंपनीला आहे की नाही, असा प्रश्न होता. खालच्या दोन न्यायालयांत कंपनीची सरशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एका सार्वभौम राष्ट्राला असा दावा लागू होत नाही, असा निर्वाळा दिला. दोन्ही पक्षांनी निकालापूर्वीच आपसांत तडजोडही करून टाकली होती.

निकालपत्र मोठे आहे. सार्वभौम राष्ट्राचे विशेषाधिकार, व्यापारी उपयोग म्हणजे काय, मालवाहू बोट आणि तीमधील माल यांचे कायद्यातील नाते, या सर्वांचा त्यात काटेकोर ऊहापोह आहे. न्यायालयासमोर प्रश्न चांदीचा होता आणि न्यायालयाने चांदीविषयीच बोलायचे, हे क्रमप्राप्तच होते. त्याबद्दल न्यायमूर्तींना दोष देण्याचे कारण नाही. परंतु ही चांदी जिच्या पोटात होती, त्या बोटीवर २८० माणसेही मेली होती आणि त्यांतील बहुसंख्य भारतीय होती. बोट मुंबईहून निघाली होती. त्या माणसांचा खटला कोणत्याही न्यायालयात उभा राहिला नाही, आणि आपण भारतीयांनीही आपल्या मनाच्या न्यायालयात तो कधी चालवला नाही.

त्या बोटीचे नाव ‘तिलावा’.

पौर्णिमेच्या सुमाराची ती रात्र

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘तिलावा’ ही दहा हजार टनांची प्रवासी बोट. १९२४ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसल येथे बांधलेली. मुंबई आणि पूर्व व दक्षिण आफ्रिका यांच्या दरम्यान तिच्या फेऱ्या चालत. त्या काळी मोंबासा, दार-ए-सलाम, लोरेन्सो मार्क्स म्हणजे आजचे मापुटो, दरबान ही नावे गुजरातमधील कित्येक गावांत शेजारच्या तालुक्याच्या गावासारखी उच्चारली जात. घरटी एखादा मुलगा ‘आफ्रिकेला’ असे. कोणी दुकान थाटलेले, कोणी रेल्वेत कारकून, कोणी शिंपी, कोणी सुतार. बायकामुले गावी, आणि काही वर्षे स्थिरस्थावर झाल्यावर त्यांनाही घेऊन जायचे, असा रिवाज. मुंबई बंदर हा या साऱ्यांचा उंबरठा होता.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ने मुंबई सोडली. तिच्यावर ७३२ प्रवासी होते, २२२ खलाशी व कर्मचारी होते आणि ४ तोफची होते. एकूण ९५८ जीव. शिवाय सहा हजार टनांवर माल आणि त्यात सुमारे साठ टन चांदी. दिवाळी होऊन पंधरवडाच उलटला होता. सण गावी करून, फराळाचे डबे बरोबर घेऊन परत निघालेली कितीतरी कुटुंबे त्या प्रवाशांत असतील, हे ओळखायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

तो काळ आठवून पाहा. फेब्रुवारीत सिंगापूर पडले होते. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर बाँब टाकले होते. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा वणवा पेटला होता आणि गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होते. हिंदी महासागरात जपानी पाणबुड्यांचा संचार होता. अशा समुद्रातून ही बोट संरक्षक युद्धनौकेविना एकटीच निघाली होती.

२३ नोव्हेंबरच्या पहाटे, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, सेशेल्स बेटांच्या ईशान्येस शेकडो मैलांवर भर समुद्रात असताना जपानी पाणबुडी ‘आय-२९’ हिने सोडलेला टॉर्पेडो ‘तिलावा’वर आदळला. झोपेतून उठलेल्या माणसांची नावांकडे एकच झुंबड उडाली. अंधारात, कललेल्या डेकवरून नावा खाली सोडताना जो गोंधळ माजला, त्यातच काही जणांनी प्राण गमावले. विशेष म्हणजे बोट लगेच बुडाली नाही. ती तरंगत राहिली. ती वाचेल अशी आशा वाटून, पाण्यात उतरलेले काही जण पुन्हा बोटीवर जाऊ लागले होते. एवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला आणि ‘तिलावा’ तळाला गेली. बिनतारी यंत्रावर बसलेला अधिकारी अखेरपर्यंत साहाय्यासाठी संदेश पाठवीत राहिला आणि बोटीबरोबरच गेला. जे वाचले ते त्याच्या या कर्तव्यनिष्ठेमुळे वाचले.

त्यानंतर दोन दिवस उघड्या नावांत, तराफ्यांवर, फळ्यांना धरून माणसे समुद्रावर तरंगत होती. वर ऊन, खाली अथांग पाणी आणि प्यायला घोटभर मिळण्याची मारामार. २५ नोव्हेंबरला ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश क्रूझर तेथे पोहोचली. तिने ६७४ जणांना उचलून घेतले. आणखी चौघांना ‘कार्थेज’ या दुसऱ्या जहाजाने वाचवले. २७ नोव्हेंबरला ‘बर्मिंगहॅम’ मुंबईच्या धक्क्याला लागली. ज्या धक्क्यावरून आठवड्यापूर्वी हात हलवून निरोप दिले होते, तेथेच ही माणसे अंगावरच्या कपड्यानिशी उतरली. २५२ प्रवासी आणि २८ कर्मचारी परतले नाहीत.

विस्मृतीची कारणे

इतकी मोठी दुर्घटना, आणि तीही मुंबईच्या बोटीची, आपल्या स्मरणातून इतकी समूळ कशी पुसली गेली?

पहिले कारण सरळ आहे. युद्धकाळात बोटींच्या हालचालींच्या आणि बुडण्याच्या बातम्यांवर कडक नियंत्रण असे. शत्रूला सुगावा लागू नये आणि प्रजेचे मनोधैर्य खचू नये, असा त्यामागचा हेतू. त्यामुळे जी बातमी चौकाचौकांत पोहोचली असती, ती घराघरांत कुजबुजीच्या रूपाने शिरली आणि तेथेच विरली.

दुसरे कारण असे की, या माणसांना आपले म्हणणारे कोणी उरले नाही. साम्राज्याच्या दृष्टीने ते डेकवरचे देशी उतारू. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय प्रतिनिधीला न विचारता भारताला युद्धात ओढले. त्या युद्धाची किंमत या कुटुंबांनी मोजली, पण साम्राज्याच्या वीरगाथेत त्यांना ओळ मिळाली नाही. इकडे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातही त्यांची जागा नव्हती, कारण ते सत्याग्रही नव्हते, भूमिगत नव्हते, फासावर गेलेले नव्हते. पाचच वर्षांत देश स्वतंत्र झाला, फाळणीच्या रक्तपाताने आधीच्या सर्व दुःखांवर पडदा टाकला आणि २८० ही संख्या लाखोंच्या आकड्यांपुढे क्षुल्लक वाटू लागली.

तिसरे कारण आपल्या स्वभावात आहे. आपण व्यक्तीच्या मृत्यूचे दिवस घरात कसोशीने पाळतो. तिथी चुकत नाही, पान वाढायचे राहत नाही. पण समाज म्हणून मृतांच्या नोंदी ठेवण्याचे, याद्या करण्याचे, दगडावर नाव कोरून ठेवण्याचे वळण आपल्याला पडलेले नाही.

याच्या उलट चित्र पाहा. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ ही बोट बुडवली. सुमारे बाराशे माणसे मेली. त्या बंदरगावी, आजच्या कोव्हमध्ये, मृतांचे स्मारक आहे. दफनभूमी जपलेली आहे. प्रवाशांची चरित्रे एकेक करून शोधून काढलेली आहेत. १७ सप्टेंबर १९४० रोजी ‘सिटी ऑफ बनारस’ ही बोट अटलांटिकमध्ये बुडाली. बाँबहल्ल्यांपासून वाचावीत म्हणून इंग्लंडमधून कॅनडाला धाडलेली ९० मुले तिच्यावर होती, त्यांतील ७७ दगावली. त्या मुलांवर पुस्तके आहेत, माहितीपट आहेत. तसे असायलाच हवे. पण त्याच बोटीवर शंभरावर आशियाई खलाशीही बुडाले, बहुतेक भारतातून भरती झालेले. बोटीचे नावच काशीचे. पण त्यांच्याविषयी किती काशीकरांना, किती मुंबईकरांना ठाऊक आहे?

आणखी एक उदाहरण तर ‘तिलावा’चे थोरले भावंडच शोभावे असे आहे. ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईकडे येणारी ‘पर्शिया’ ही बोट भूमध्य समुद्रात क्रीट बेटाजवळ पूर्वसूचनेविना बुडवण्यात आली. तीनशेहून अधिक माणसे गेली. आज ही बोट आठवली जाते ती कपूरथळ्याच्या महाराजांच्या जडजवाहिरासाठी. तो खजिना शोधण्याची मोहीमही २००३ मध्ये झाली. तेथे रत्ने, येथे चांदी. समुद्र सर्वांना सारखेच पोटात घेतो; वर काढताना माणूस मात्र निवड करतो.

एक अवघड दुवा

आता अशा गोष्टीकडे वळले पाहिजे, जी लिहिताना माझाही हात क्षणभर थबकला.

माझ्या पिढीतील अनेकांप्रमाणे मीही लहानपणी नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या पाणबुडी प्रवासाची कथा श्वास रोखून ऐकली आहे. इतिहास शिकवणारे आमचे गुरुजी ती अशी रंगवीत की, वर्गात लाटांचा आवाज ऐकू यावा. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीच्या कील बंदरातून निघालेली ‘यू-१८०’ पाणबुडी. सोबतीला आबिद हसन. आफ्रिकेला वळसा घालून झालेला तो जीवघेणा प्रवास. आणि मग २८ एप्रिलला मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात रबरी नावेतून, भिजत, दोर धरून जपानी पाणबुडीवर झालेले ते साहसी स्थलांतर. मे महिन्यात नेताजी सुमात्राजवळच्या साबांग येथे उतरले आणि त्यानंतर आझाद हिंद सेनेचा तेजस्वी अध्याय सुरू झाला.

नेताजींना घेऊन जाणाऱ्या त्या जपानी पाणबुडीचा क्रमांक होता ‘आय-२९’. ‘तिलावा’ बुडवणारी पाणबुडी तीच.

दोन घटनांमध्ये अंतर फक्त पाच महिन्यांचे. ज्या पोलादी कवचाने २८० जणांना जलसमाधी दिली, त्याच कवचाने भारताच्या स्वातंत्र्याच्या एका महानायकाला सुखरूप पोहोचवले. कोणा कादंबरीकाराने असा योगायोग रचला असता, तर वाचकांनी अतिशयोक्ती म्हणून पुस्तक बाजूला ठेवले असते. पण हा इतिहास आहे. २६ जुलै १९४४ रोजी फिलिपाइन्सच्या उत्तरेकडील सामुद्रधुनीत अमेरिकन पाणबुडी ‘सॉफिश’ने ‘आय-२९’ लाही टॉर्पेडोने बुडवले आणि तिचे जवळजवळ सर्व नाविक तिच्यासोबत गेले. कालचक्र असे फिरते.

हे सांगितले की, दोन आक्षेप हमखास येतील. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा : यामुळे नेताजींच्या प्रतिमेला बाधा पोहोचणार नाही का? माझे उत्तर स्पष्ट आहे : नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये नेताजी जर्मनीत होते. जपानी नौदलाच्या पाणबुड्यांनी कोठे फिरावे, कोणाला लक्ष्य करावे, यावर त्यांचा काडीमात्र अधिकार नव्हता. शत्रूचा शत्रू तो मित्र, या न्यायाने परक्याचे साहाय्य घेताना त्या परक्याच्या प्रत्येक कृत्याचे दायित्व साहाय्य घेणाऱ्यावर येत नाही. नेताजींचे मोठेपण एवढे तकलादू नाही की, एका पाणबुडीच्या पूर्वेतिहासाने त्याला तडा जावा. उलट आपण तो इतिहास लपवू लागलो, तर त्यांच्या मोठेपणावर आपलाच विश्वास नाही, असा अर्थ होईल. ज्यांनी आपला इतिहास दडपला असे आपण सतत म्हणतो, त्यांच्याच पंगतीला आपण जाऊन बसू.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : ‘तिलावा’ शत्रुराष्ट्राची बोट होती, तिच्यावर तोफा होत्या, युद्धात असे व्हायचेच, मग जपानला दोष का द्यावा? बोटीवर शस्त्रे होती, ही गोष्ट खरी. तशी ती त्या काळच्या बहुतेक व्यापारी बोटींवर असत. महासत्तांच्या पाणबुड्यांनी त्या युद्धात कोणाचीही गय केली नाही. दोस्तांच्या पाणबुड्यांनीही जपानी बोटींवरील असंख्य निरपराध्यांना बुडवले. दोषारोपाचा खेळ मला खेळायचा नाही. पण युद्धाचा नियम कोणताही असो, आईच्या कडेवरचे मूल शत्रू ठरत नाही. बोटीवर झेंडा कोणाचा होता हा प्रश्न कायद्याचा आहे; बोटीवर माणसे कोणाची होती हा प्रश्न आपला आहे, आणि त्याचे उत्तर ‘आपली’ असेच आहे. ब्रिटिशांनी त्यांना देशी उतारू म्हणून मोजले, जपान्यांनी शत्रूचा माल म्हणून बुडवले. आपणही त्यांना केवळ आकडा मानावे काय?

सत्य नेहमी आपल्या सोयीच्या बाजूला उभे राहत नाही. ज्या समाजाला आपल्या गौरवाबरोबर अशी अवघड सत्येही पेलता येतात, तोच समाज प्रौढ म्हणायचा. नेताजींच्या सागरी साहसाची कथा आपण मुलांना जरूर सांगावी, अभिमानाने सांगावी; आणि त्याच पाणबुडीने पाच महिन्यांपूर्वी आपल्या २८० जणांना बुडवले होते, हेही त्याच आवाजात सांगावे. ऐकणारी मुले त्याने गोंधळणार नाहीत. युद्ध म्हणजे काय, हे त्यांना अधिक नीट कळेल.

जेथे स्मृती टिकली

आपण सारेच विसरतो असेही नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढातल्या अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेवर माणसे गेली. अलिबाग-रेवसच्या पट्ट्यात आणि गिरणगावातल्या कोकणी घरांत ती आठवण अजूनही जिवंत आहे, कारण प्रत्येक गावात कोणी ना कोणी गेले होते आणि सांगणारे मागे राहिले होते. १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईकडे येताना नाहीशी झालेली ‘वैतरणा’ ऊर्फ ‘विजळी’ कच्छ-सौराष्ट्रात लोकगीतांमधून गायली गेली.

‘तिलावा’नंतर दीडच वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीचा भीषण स्फोट झाला. तिच्यावर कापसाच्या गाठी होत्या, दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. त्या विटा उडून कोठे कोठे पडल्या, याच्या कथा मुंबईकर आजही चवीने सांगतात. परंतु तेथे केवळ सोने स्मरणात राहिले नाही. आग विझवताना ६६ अग्निशामक जवानांनी प्राण दिले आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. का? कारण त्यांच्यामागे एक संस्था उभी होती. अग्निशमन दलाने आपली माणसे विसरू दिली नाहीत.

येथेच सारी गोम आहे. स्मृती आपोआप टिकत नाही. ती टिकवणारे कोणी लागते. ‘रामदास’मागे गाव होते, ‘विजळी’मागे गीत होते, ‘फोर्ट स्टिकिन’मागे दल होते. ‘तिलावा’मागे कोण होते? तिची माणसे पांगलेली. काही आफ्रिकेत, काही गुजरात-पंजाबात, पुढे त्यांची मुले-नातवंडे इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेत. एकाच दुःखाने बांधलेली ही कुटुंबे एकमेकांना ओळखतही नव्हती. अखेरीस त्यांच्याच वंशजांनी पुढाकार घेतला, एकेका घराचा माग काढला, आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, ऐंशी वर्षांनंतर, मुंबईत पहिली सामूहिक स्मृतिसभा झाली. ऐंशी वर्षे! तोवर बोटीतली चांदी वर येऊन पाच वर्षे झाली होती.

करता येण्याजोगे

लेखाच्या शेवटी नुसता हळहळीचा उसासा टाकून थांबणे मला प्रशस्त वाटत नाही. काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत आणि त्यांना फार खर्चही येणार नाही.

पहिली गोष्ट नावांची. बुडालेल्या २८० जणांची निर्दोष यादी व्हायला हवी. मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत मृत्युमुखी पडलेल्या नाविकांची स्मारके आहेत. दुसऱ्या महायुद्धातील व्यापारी जहाजांवरच्या सुमारे सहा हजार खलाश्यांच्या नावांची नोंद तेथे आहे. रत्नागिरीच्या खाडीकाठची माणसे, गोव्याचे खानसामे, कच्छ-सुरतेचे खलाशी मुंबईत अशा बोटींवर भरती होत असत. आपल्या मुलांना एकदा तेथे नेऊन ही नावे दाखवा. त्या नोंदवह्यांत खलाश्यांना तरी स्थान आहे. तिकीट काढून बसलेला प्रवासी मात्र कोणत्याच वहीत बसत नाही. तो सैनिक नव्हता, नाविक नव्हता. त्याच्या नावासाठी वेगळी वही आपणच घातली पाहिजे.

दुसरी गोष्ट दगडाची. मुंबई बंदराच्या परिसरात ‘तिलावा’साठी एक साधा शिलालेख असावा. भव्य पुतळा नको, उद्घाटनाचा थाट नको. बोटीचे नाव, तारीख, आकडे आणि मृतांची नावे. येणाऱ्या-जाणाऱ्याने दोन मिनिटे थांबून वाचावे, एवढेच.

तिसरी गोष्ट कायद्याची. युद्धनौकांचे अवशेष समाधिस्थळ मानून त्यांना हात लावू नये, असा कायदा ब्रिटनने १९८६ मध्ये केला. युनेस्कोच्या २००१ च्या करारात शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या अवशेषांचा सांस्कृतिक वारसा म्हणून विचार आहे. ‘तिलावा’ला तेथे शंभर वर्षे २०४२ मध्ये पूर्ण होतील. तोवर तिच्या पोटात कोणी आणखी काय शोधील, सांगता येत नाही. जेथे आपली माणसे निजली आहेत, त्या जागेला किमान समाधीची प्रतिष्ठा मिळावी, हा आग्रह भारताने धरायला हवा.

चौथी गोष्ट पाठ्यपुस्तकाची आणि घराची. ९ जानेवारी हा प्रवासी भारतीय दिवस आपण २००३ पासून साजरा करतो. १९१५ मध्ये त्या दिवशी गांधीजी ‘अरेबिया’ बोटीने मुंबईत उतरले, म्हणून ती तारीख. पुढल्याच वर्षी, ६ नोव्हेंबर १९१६ रोजी, ती ‘अरेबिया’ही भूमध्य समुद्रात पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. सागरापार गेलेल्या भारतीयांच्या यशाचा आपल्याला अभिमान आहे. त्यांच्या यशात आपला वाटा सांगताना आपण मागे राहत नाही. मग त्या यशासाठी ज्यांनी समुद्रात प्राण ठेवले, त्यांच्या दुःखातला आपला वाटा का नाकारावा?

मराठी माणसाला बोट म्हटली की ‘मोरिया’ आठवते आणि मार्सेलच्या बंदरातली ती उडी आठवते. समुद्राशी आपले नाते असे अभिमानाचे आहे. त्याच स्मरणात ‘तिलावा’लाही जागा हवी. उडी घेणाऱ्याचे धैर्य आपण पूजतो. ज्यांना उडी घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही, त्यांची आठवण ठेवणे हेही त्याच पूजेचे अंग आहे.

आपल्या शास्त्रकारांनी मोठ्या करुणेने एक व्यवस्था करून ठेवली आहे. पितृपक्षातली चतुर्दशी ही शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांची, आणि सर्वपित्री अमावास्या ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांच्यामागे कोणी उरले नाही, त्यांचीही. ‘तिलावा’वर सर्व हिंदू नव्हते, मुसलमान होते, शीख होते. समुद्राने भेद केला नाही, आपणही करू नये. तर्पणाचे पाणी ज्याच्या नावाने सोडावे त्याला पोहोचते, अशी आपली श्रद्धा आहे. येत्या २३ नोव्हेंबरला, जमल्यास गिरगावच्या वा दादरच्या किनाऱ्यावर, नाही तर घरातल्या तुळशीपाशी, एक ओंजळ त्या २८० जणांसाठी सोडावी. चांदी तिच्या मालकाकडे पोहोचली आहे. आता माणसांना त्यांच्या माणसांपर्यंत पोहोचवायचे राहिले आहे.